सवतीचे खेळ

इंदूअक्का रोज सकाळी घोडीचं खाणं लपवून ठेवायच्या. हरभरे एकीकडे, गाजरं दुसरीकडे, घासाची पेंढी तिसरीकडेच कुठेतरी उंचावर अडकवलेली. सगळं मनासारखं लपवून झालं की पदर खोचून अंगणाच्या मधोमध उभ्या राहायच्या, घोडीला सोडायच्या आणि म्हणायच्या, "शोध मन्ही माय, शोध. आज तुले आयतं काहीच नही."

हे मी कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी वाटतं, बाई खाष्ट असाव्यात. मुक्या जनावराच्या तोंडचा घास कुणी लपवून ठेवतं का? ती घोडी मी त्याआधी पाहिलेली नसती, तर मलाही तसंच वाटलं असतं.

मी जळगावला आले ती नोकरीपायी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. यांची नोकरी धुळ्याला, सरकारी कचेरीत. मला मिळाली ती जळगावच्या मुलींच्या शाळेत. शनिवारी दुपारच्या एस.टी.ने हे यायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत जायचे. मधले दिवस मी एकटी. मेहरूणच्या बाजूला, घरं संपून शेतं सुरू होत तिथे, अक्कांचं घर होतं. पुढे ऐसपैस अंगण, कडेने बोरीची झाडं, एका अंगाला गोठा. गोठ्याच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत असं शाळेतल्या एका बाईंकडून कळलं, म्हणून मी बघायला गेले. ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट.

अक्कांनी मोरी दाखवली, पाण्याची टाकी दाखवली, वाळवण घालायची जागा दाखवली. धुळ्याकडचं माहेर असल्यामुळे त्यांच्या बोलण्यात अहिराणी होती. पण मी मास्तरीण म्हणून माझ्याशी त्या जपून, शाळेतलं मराठी बोलत होत्या. गोठ्यापाशी आल्यावर मात्र त्यांनी मान फिरवली. "अन् ही मन्ही सवत," एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

गोठ्यात एक घोडी बांधलेली होती. ताकात हळदीचं बोट बुडवावं तसा तिचा रंग. अंगाने धडधाकट, डोळे मोठे. पण ती झुलत होती. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, त्याच तालात पुढचे पाय आलटूनपालटून उचललेले. थांबणं नाही. पुढ्यात वैरण पडलेली, तिच्याकडे लक्ष नाही. तिच्या पुढच्या पायांखालची जमीन त्या हलण्याने खोलगट झाली होती. गव्हाणीचं लाकूड तिने कडेकडेने कुरतडून टाकलं होतं. मी राहायला आले, सामान लावलं, भाकरी टाकली, आणि भिंतीपलीकडे तो पाय टेकण्याचा आवाज चालूच होता.

तिची हकिगत मला हळूहळू कळली. अक्कांचे यजमान, ज्यांना सगळा परिसर नाना म्हणायचा, त्यांनी तिला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून शिंगरू असताना आणलं होतं. नानांची कपाशीची जमीन घरापासून दूर होती. रोज सकाळी घोडीवर बसून शेतात जायचं, दिवसभर तिला बांधावर मोकळी सोडायची आणि दिवेलागणीला परतायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. घरी आल्यावर ते आधी घोडीला खरारा करायचे, मग हातपाय धुवायचे. तिचं नाव त्यांनी राणी ठेवलं होतं.

"माले त्या 'अवं' म्हनेत," अक्का एकदा नानांविषयी मला म्हणाल्या. "मन्हं नाव त्यास्नी कधी लिधं नही. अन् तिले राणी! मी आजारी पडनी तरी त्या आधी गोठामा जायेत." हे सांगताना त्या हसत होत्या, पण ते हसणं वरवरचं होतं.

मी राहायला येण्याच्या आदल्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, नाना शेतातच छातीत कळ येऊन गेले. जमीन वाट्याने दुसऱ्याकडे गेली आणि राणी गोठ्यात बांधली गेली ती तशीच राहिली. पोटाला काही कमी नव्हतं. अक्का वेळच्या वेळी पाणी, वैरण, भिजवलेले हरभरे तिच्यापुढे ठेवायच्या. कर्तव्यात कसूर करणारी बाई नव्हती ती. पण ठेवायचं आणि पाठ फिरवायची. थोड्याच दिवसांत राणी झुलायला लागली.

झुलणारी घोडी घराला चांगली नाही, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे. शेजारच्या बायका ते अक्कांना येताजाता ऐकवायच्या. त्यांचा मुलगा विजय गावात दुकान चालवायचा आणि बायकोमुलांसह तिकडेच राहायचा. माणूस मनाने चांगला. तो दर आठवड्याला यायचा आणि म्हणायचा, "आई, हिला देऊन टाकू आणि तू आमच्याकडे चल." अक्का म्हणायच्या, "देऊन टाक ना, मी का धरी ठेयेल शे?" पण घेणार कोण? एकदोघे येऊन बघून गेले. दारातूनच तिचं झुलणं बघितलं आणि चहा पिऊन निघून गेले.

अक्कांचं स्वतःचं म्हणाल, तर त्या दिवसभर भांडी घासायच्या. घरात माणूस एक, भांडी किती असणार? पण फळीवरचे पितळी डबे, हंडे, तांबे रोज खाली उतरायचे, चिंच लावून घासले जायचे आणि पुन्हा फळीवर जायचे. मी शाळेतून आले की अंगणात ती पिवळीधमक रांग वाळत असायची, आणि पलीकडे राणी झुलत असायची. त्या घरात तेव्हा दोन बायका होत्या आणि दोघींना दिवस संपवायचा होता, एवढं मला दिसत होतं. त्याहून जास्त समजायचं माझं वय नव्हतं.

मग तो रविवार आला. कसल्याशा परीक्षेमुळे हे त्या आठवड्यात धुळ्याहून येऊ शकले नव्हते आणि मी तोंड पाडून ओट्यावर बसले होते. अक्कांनी अंगणात सुंभाची बाज टाकून तिच्यावर हरभरे वाळत घातले होते. खाली फडकं अंथरलेलं, पण वाऱ्याने ते एका बाजूला गोळा झालं आणि बरेचसे हरभरे बाजेच्या विणीत जाऊन बसले. अक्का आत गेल्या. तेवढ्यात राणीने जुनं दावं हिसडून तोडलं आणि ती सरळ बाजेपाशी आली.

माझी आरोळी ऐकून अक्का काठी घेऊन धावत बाहेर आल्या. काठी उगारलीही. आणि तशाच उभ्या राहिल्या.

राणी सुंभाच्या विणीतून एकेक हरभरा काढत होती. वरचा ओठ बोटासारखा लांबवायचा, दोरी बाजूला सारायची, दाणा सुटला की उचलायचा. एखादा हट्टी दाणा निघेना, तेव्हा तिने बाज नाकाने हलवली. दाणा खाली पडला. तिने मान वाकवून तो बाजेखालून शोधून काढला. कान पुढे, डोळे टक्क उघडे, सगळं अंग त्या एका कामात.

"मास्तरीणबाई," अक्का हलक्या आवाजात म्हणाल्या, "देखं का? ती झुली नही ऱ्हायनी."

खरंच. कितीतरी वेळ तिचे चारही पाय जमिनीवर स्थिर होते. अक्कांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसल्या. हरभरे संपेपर्यंत आम्ही दोघी बघत राहिलो. ते संपले, राणीने सगळी बाज हुंगून खात्री करून घेतली, आणि मग पहिल्यांदाच मी तिला लांबलचक सुस्कारा टाकून मान खाली सोडताना पाहिलं.

अक्का पुटपुटल्या, "पोट घडीभरमा भरस. दिन भरत नही." मग आपल्या काळवंडलेल्या, चिंचेने सोललेल्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "भांडा घासी घासी मन्हा हात गयात, पन दिन काही गया नही."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा अंगणात पितळेची रांग नव्हती. अक्का बाजेच्या विणीत हरभरे पेरत बसल्या होत्या.

तिथून त्यांच्या खेळांना सुरुवात झाली. त्यांनी काय काय केलं, ते सगळं आता मला क्रमाने आठवत नाही. घासाची पेंढी मोठ्या डोळ्यांच्या जाळीत भरून बोरीच्या फांदीला टांगली. पाण्याने भरलेल्या घमेल्यात दुधीचे तुकडे सोडले. राणी नाकपुड्या वर धरून ते पकडायला बघायची आणि तोंडाने पाणी उडवायची. लाकडाच्या ओंडक्याला खाचा पाडून त्यात जरासा गूळ चोळून ठेवला. अक्का घराबाहेर कुठे गेल्या की त्यांची नजर वस्तूंवर असायची. लग्नाच्या पंगतीत माझ्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या, "ते रिकामं पिंप कसं गोल फिरस, देखं का?"

सुरुवातीला एक वाईट गोष्ट घडली. त्यांनी जुन्या माठात हरभरे घालून तो जमिनीवर आडवा ठेवला होता. राणीने पायाने ढकलला, माठ फुटला आणि खापरीने तिचा ओठ चिरला. रक्त पाहून अक्का हळद आणायला धावल्या. हळद दाबून धरताना त्या राणीच्या मानेला मिठी मारून रडल्या. नानांच्या घोडीला त्यांनी असं धरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. गुरांचे डॉक्टर आले, जखम वरवरची आहे म्हणाले, औषध दिलं. खेळांचं ऐकून त्यांना मौज वाटली. "चालू ठेवा अक्का," ते म्हणाले, "फक्त फुटेल, टोचेल असं काही नको. आणि हरभरे रोजच्या मापातलेच घाला, वर जास्तीचे नकोत. नाहीतर पोट धरेल तिचं."

तेव्हापासून अक्कांनी एक रिवाज पाळला. कुठलीही नवी वस्तू आधी त्या स्वतः वापरून बघायच्या. तिच्या आतून तळहात फिरवायच्या, कडांना गाल घासायच्या. आणि मग दोन्ही हात पाठीमागे बांधून, वाकून, नुसत्या तोंडाने आतला दाणा निघतो का ते बघायच्या! नऊवारीतली, साठी उलटलेली बाई अंगणात टायरवर वाकून ओठांनी हरभरा उचलते आहे, हे दृश्य कुंपणावरून बघून शेजारची एक बाई तोंडाला पदर लावून पळत गेली होती. विजयच्या कानावर ते गेलं. तो धावतपळत आला. "आई, लोक काय म्हणतील?" तो म्हणाला. अक्का म्हणाल्या, "लोके काय म्हनतीन? 'म्हातारी येडी व्हयनी' म्हनतीन. आधी म्हनेत, 'घरमा अवदसा शे.' येडी म्हननं त्यानापेक्षा बरं."

टायरचं सांगायचं राहिलंच. तो यांनी आणला. धुळं म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव, तिथे जुन्या टायरांना काय तोटा! अक्कांनी एका सोमवारी यांना निघताना गळ घातली, आणि पुढच्या शनिवारी हे जीपचा टायर एस.टी.च्या टपावर टाकून घेऊन आले. कंडक्टरने वाटभर चेष्टा केली म्हणे, "साहेब, गाडी कुठाय?" अक्कांनी तो टायर दोनदा घासला, तार कुठे वर आलेली नाही ना ते चाचपलं, आणि आडवा ठेवून त्याच्या पोकळीत कडब्याची कुट्टी आणि हरभरे मिसळून भरले. राणी टायरभोवती गोल गोल फिरत, मान आत घालून, कुट्टी बाजूला सारून दाणे वेचायची.

पण सगळ्यांत उत्तम खेळ पाइपाचा. केळीच्या बागांना पाणी देण्यासाठी तेव्हा सगळीकडे प्लास्टिकचे पाइप आले होते. त्यांचे तुकडे बांधाबांधावर पडलेले असायचे. अक्कांनी असा हातभर तुकडा आणला, सळई चुलीत लाल करून त्याला भोकं पाडली, दोन्ही टोकांना लाकडाची बुचं मारली आणि आरपार दोरी ओवून दोन खांबांच्या मधे राणीच्या तोंडाच्या उंचीवर टांगला. नाकाने ढकलला की पाइप फिरायचा आणि भोकातून दोनचार दाणे खालच्या घमेल्यात पडायचे. पहिल्या पाइपाची भोकं मोठी झाली. एका धक्क्यात सगळे दाणे खाली. राणीने ते खाल्ले आणि पुन्हा झुलायला लागली. दुसऱ्याची इतकी लहान झाली की काही केल्या दाणा पडेना. तिने कान पाडले, दात लावले आणि शेवटी पाठ फिरवून त्याला लाथ घातली.

"सोपं व्हयनं का कटाळा येस, अवघड व्हयनं का राग येस," अक्का तुटलेलं बूच उचलत म्हणाल्या. "दोन्हीस्ना मधमा काहीतरी जोयजे." मला हे माझ्या वर्गासाठी फार उपयोगी पडलं. पुढे गणित शिकवताना उदाहरण निवडायला बसले की अक्का बूच घेऊन डोळ्यांपुढे उभ्या राहायच्या.

तिसरा पाइप जमला. सकाळी बाज, दुपारी टायर, संध्याकाळी पाइप, आणि मधल्या वेळात अक्का तिला दोरीने धरून तलावापर्यंत फिरवून आणायच्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राणीचं झुलणं जवळजवळ थांबलं. अंगावर तकाकी आली. अक्का अजूनही तिला सवतच म्हणायच्या, पण आता "मन्ही सवत जेवनी का?" असं विचारायच्या.

झुलणं थांबलं म्हणून घोडी देखणी दिसायला लागली, आणि देखणी दिसायला लागली म्हणून तिला मागणी आली. लग्नाच्या वरातींना घोडी पुरवणारा एक बँडवाला माणूस विजयने पाठवला. नम्र माणूस होता. आपल्याच एका काळ्या घोडीवर बसून आला आणि तिला फाटकाशी बांधून आत आला. त्या वेळी राणी पाइपाशी होती. दाणे अर्धेही पडले नव्हते.

काळ्या घोडीने फुरफुर केली. राणीची मान वर झाली. मग ती अशी खिंकाळली, की तसं मी त्या घरात आल्यापासून ऐकलं नव्हतं. पाइप तसाच गिरकी घेत राहिला, दाणे घमेल्यात पडत राहिले, आणि राणी धावत फाटकापाशी गेली. दोघींनी नाकाला नाक लावलं. मग फाटकावरून माना एकमेकींच्या पाठीवर टाकून त्या परस्परांचे खांदे दातांनी खाजवायला लागल्या, अगदी सावकाश, डोळे अर्धे मिटून. चहा निवून गेला तरी आम्ही तिकडेच बघत होतो.

बँडवाल्याने अक्कांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगले असाल भाऊ, पण तुमचे फटाके चांगले नाहीत. हिला नाही सोसायचं." तो समजूतदारपणे हसला, आपल्या घोडीवर बसला आणि गेला. राणी रस्ता दिसेनासा होईपर्यंत फाटकाशी उभी राहिली. त्या दिवशी ती पाइपाकडे परतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाजेवर हरभरे तसेच, टायरात कुट्टी तशीच. झुलत नव्हती; नुसती फाटकावर मान ठेवून उभी होती. मला ते झुलण्यापेक्षाही बघवत नव्हतं.

अक्कांनी नवे खेळ करून पाहिले. गाजरांची माळ केली, जाळी दुसऱ्या झाडाला टांगली. मग एका संध्याकाळी हातातली सळई खाली ठेवून त्या ओट्यावर माझ्याशेजारी बसल्या.

"मी तिले खेळाडू शकस," त्या म्हणाल्या. "तिन्हासंगे बोलू शकत नही."

"अक्का, ती रुळेल हो पुन्हा," मी म्हणाले.

"रुळी ना. का नही रुळी? मी बी रुळनी." फाटकाकडे बघत म्हणाल्या, "खेळ वाट देखाले बरा. पन जनावर कोननी वाट देखस, ते बी समजाले जोयजे." आणि मग माझ्या मांडीवरच्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे आणि अर्धवट विणलेल्या स्वेटरकडे बघून त्यांनी विचारलं, "तू बी शनवारनी वाटच देखस ना?"

माझे डोळे भरून आले, म्हणून मी वह्या आवरायचं निमित्त करून उठले.

राणीसाठी जागा शोधायचं काम अक्कांनी यांच्यावरच सोपवलं. धुळ्याच्या पुढे, पांझरेच्या काठाला एका गावात नानांच्या ओळखीचे एक शेतकरी होते. हौसेने दोनतीन घोड्या पाळून होते आणि चरायला मोकळं रान होतं. अक्का स्वतः जाऊन बघून आल्या. घोड्या कशा उभ्या राहतात, पाणी कुठे पितात, माणूस त्यांच्याशी कसा बोलतो, सगळं बघून आल्या. विजय म्हणाला, "आता इतकी चांगली झाली, तर ठेव ना आई. मी काही बोलणार नाही." अक्कांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चांगली व्हयनी म्हनीसनच देस रे भाऊ."

टेम्पो आला त्या सकाळी त्यांनी स्वतः खरारा केला. टायर, जाळी, पाइप, सगळं टेम्पोत चढवलं. "झडीच्या पावसात घोड्या आत बांधल्या की लागेल," असं त्या शेतकऱ्याला समजावून सांगितलं, अगदी शाळेतल्या मराठीत. राणीला फळीवरून चढवताना ती अडली, तेव्हा अक्का तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि ती चढली. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. टेम्पो वळला तशा त्या फाटक लावून आत आल्या आणि गोठा झाडायला लागल्या.

त्याच वर्षी मी बदलीसाठी प्रयत्न सुरू केले. खरं तर अक्कांनीच मागे लागून करवले. "नोकरी भेटी जाई, उमर भेटाव नही," असं म्हणायच्या. धुळ्याच्या शाळेत जागा मिळाली. मी निघाले तेव्हा त्यांनी मेहरूणच्या बोरांची पिशवी हातात दिली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. रडल्या नाहीत. रडणं माझ्याकडे होतं.

त्यानंतर पाचसहा वर्षांनी अक्का धुळ्याला मोतीबिंदू काढायला आल्या आणि हट्टाने माझ्याकडे राहिल्या. माझी मुलगी तेव्हा बोलायला लागली होती. तिला मांडीवर घेऊन अहिराणी शिकवायच्या. डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी म्हटलं, "चला अक्का, राणीला बघून येऊ." त्या आधी नाही म्हणाल्या. मग तयार होऊन बसल्या. पदराच्या टोकाला गुळाचा खडा बांधून घेतलेला.

आम्ही रानाच्या कडेला उतरलो. नदीच्या अंगाला चार घोड्या चरत होत्या. नव्या चष्म्यातून अक्कांनी तिला माझ्याआधी ओळखलं. "ती देख. मधली." राणी आता म्हातारपणाकडे झुकलेली, पाठ जराशी खोलावलेली, आणि तिच्या पोटाशी एक शिंगरू. अक्कांनी हाक मारली. राणीने मान वर केली, कान टवकारले, आमच्या दिशेने बघितलं. शिंगरू पुढे चालू लागलं. राणीने त्याच्याकडे बघितलं, पुन्हा एकदा आमच्याकडे बघितलं, आणि मग शिंगराच्या मागे वळून इतर घोड्यांत मिसळली.

"जवळ जाऊ या," मी म्हणाले.

"नको," अक्का म्हणाल्या. "देखं? माले वळखं बी नही. बरं व्हयनं." आणि बसस्टॉपपर्यंत तेच तेच म्हणत राहिल्या: बरं व्हयनं, चांगलं व्हयनं. एस.टी.त बसल्यावर त्यांनी गुळाचा खडा सोडला, माझ्या मुलीला द्यायला म्हणून हातात धरला, आणि तो तसाच मुठीत राहिला. मी ती मूठ दोन्ही हातांत धरून ठेवली. सगळा रस्ता त्या खिडकीबाहेर बघत होत्या. नव्या डोळ्याला वारा सोसत नाही, म्हणून पाणी येतंय, असं त्या म्हणाल्या. मीही हो म्हटलं.

शेवटची भेट जळगावात झाली. कुणाच्या तरी लग्नाला मी गेले होते आणि परतीच्या गाडीआधी अक्कांकडे डोकावले. विजयने कितीही बोलावलं तरी त्यांनी ते घर सोडलं नव्हतं. अंगण झाडलेलं, तुळशीला पाणी घातलेलं. मी विचारलं, "करमतं का अक्का?" त्या लगेच म्हणाल्या, "मस्त वेळ जास मन्हा." आणि काय काय करतात ते सांगायला लागल्या. वाती वळते, गोधडी शिवते, शेजारच्या सुनेला पापड लाटून देते. सांगता सांगता एक बोट पदराच्या काठावरून मागेपुढे, मागेपुढे फिरत होतं.

मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "आज राहते मी."

त्या इतक्या घाईने उठल्या की गुडघ्यावर हात ठेवावा लागला. "मी कयन्यानी भाकर टाकस," म्हणाल्या. दोघींनी मिळून स्वयंपाक केला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकल्या. त्या माहेरच्या, सासरच्या, नानांच्या गोष्टी सांगत राहिल्या. एकेक गोष्ट मी आधी ऐकलेली होती, आणि ती पुन्हा ऐकताना माझ्या मनात येत होतं, की ही संपू नये. जेवताना त्यांनी माझ्या ताटात चटणी वाढली आणि म्हणाल्या, "आज दिन कसा गया, समजनंच नही."

त्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. झोपेतच गेल्या, असं विजयने फोनवर सांगितलं. घर नंतर पाडलं, तिथे आता इमारत उभी आहे म्हणतात. मी बघायला गेले नाही. कामानिमित्त जळगावला अजून जाते. बसस्टँडवर उतरले की रिक्षावाला विचारतो, "कुठं जायचं ताई?" आणि दर वेळी "मेहरूण" हा शब्द माझ्या ओठांपर्यंत येतो. मी जरा थांबते. मग मला जिथे जायचं असतं तो पत्ता त्याला सांगते.